मिसार डोंगर, अथवा ज्यांस प्रवास घडत नाही त्यांच्याकरिता

सुगी आटोपली, हाती चार पैसे आले आणि रस्ते कोरडे झाले म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतून प्रवासाचे दिवस सुरू होतात. कोणी लेकीच्या सासरी जातो, कोणी मंडळ्यांच्या वार्षिक मेळाव्यास जातो, कोणी दूरच्या शहरी नोकरीस असलेल्या मुलाकडे महिनाभर राहून येतो. एस.टी.च्या थांब्यावर बोचकी रचली जातात, शिदोऱ्या बांधल्या जातात. आणि त्याच वेळी प्रत्येक गावात दोन-चार घरे अशी असतात की ज्यांतील कोणी एक जण ओट्यावर बसून जाणाऱ्यांस नुसता निरोप देत असतो. गुडघे धरलेली म्हातारी, अर्धांगाने खाटेस खिळलेला मनुष्य, आजारी सासूस टाकून पाऊल बाहेर घालता येत नाही अशी सून, तिकिटाचा खर्च झेपत नाही असा शेतमजूर, ही ती माणसे होत. आज आम्ही त्यांच्याशी बोलू इच्छितो, आणि त्यांच्या दारी जाणाऱ्या उपदेशकांशीही. आमचे स्वतःचे लांबचे प्रवास वैद्यांच्या सांगण्यावरून काही वर्षांमागे बंद झाले, तेव्हा हा विषय आम्हांस परका नाही.

ह्या विचारासाठी आम्ही स्तोत्रसंहितेतील बेचाळिसावे स्तोत्र घेतो. वाचकांनी आपले शास्त्र उघडून ते मोठ्याने वाचावे, आणि लगेच त्रेचाळिसावेही वाचावे. कारण ही दोन्ही मूळचे एकच गीत असावे असे विद्वान मानितात, व तेच ध्रुपद दोहोंत मिळून तीन वेळा येते. तहानेने व्याकूळ झालेल्या हरिणाचा दृष्टान्त सर्वांच्या पाठ आहे. उन्हाळ्याच्या वर्गात मुले तो म्हणून दाखवितात. परंतु त्या दृष्टान्ताच्या पुढे वाचले म्हणजे दिसते की हे स्तोत्र प्रवासास निघू न शकणाऱ्या मनुष्याचे आहे.

स्तोत्राच्या मथळ्यावर कोरहाच्या पुत्रांचे नाव आहे, आणि हे लोक मंदिरात गायनाची सेवा करणारे होते. स्तोत्रकर्त्याचे मन यरुशलेमात आहे. शरीर मात्र देशाच्या उत्तर टोकास, यार्देन नदीच्या उगमाकडे, हर्मोन पर्वताच्या पायथ्याशी आहे. दोहोंमध्ये सरळ अंतर धरले तरी दीडशे किलोमीटरांहून अधिक भरते, आणि चालणाऱ्यास वाट त्याहून पुष्कळ लांब पडते. तो तेथे का अडकला होता? बंदी होता, हद्दपार होता, की आजारी होता, हे स्तोत्र सांगत नाही. एवढेच कळते की सणाचे दिवस येत होते, लोक वर जात होते, आणि ह्याला जाता येत नव्हते. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट अशी की आसपासचे लोक त्यास रोज विचारीत, तुझा देव कोठे आहे? ज्यांस आपल्या मंडळीत जाणे खुंटले आहे त्यांस हा प्रश्न निराळ्या शब्दांत ऐकू येतो. कोणी तोंडावर विचारीत नाही. पण आठवडे उलटतात, दारी कोणी येत नाही, आणि रात्री झोप लागत नाही तेव्हा तो प्रश्न आपला आपणच विचारू लागतो.

आता हा मनुष्य काय करितो ते पाहा. प्रथम तो आठवतो. आपण पूर्वी मोठ्या समुदायाबरोबर कसे जात होतो, गात, गर्जत, सण पाळणाऱ्यांच्या पुढे चालत देवाच्या घराकडे कसे जात होतो, हे तो एकेक आठवून मनापुढे मांडितो. आणि ते आठविताना त्याचा जीव गळून जातो असे तो स्वतःच म्हणतो. हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. आठवणीने गोडी येते असे सांगणारे पुष्कळ आहेत. आठवणीने रडू येते हे शास्त्र लपवीत नाही. जो बंधू पूर्वी पाच गावांचा फेरा पायी करून रविवारी तीन ठिकाणी उपासना चालवीत असे, त्यास आज ओढ्यापलीकडील वस्ती नुसती दिसते. त्याने जुन्या वाटा आठविल्या आणि त्याचे डोळे भरून आले, तर त्यास कोणी विश्वासाचा कमकुवत म्हणू नये. स्तोत्रकर्त्याचे अश्रूच त्याचे अन्न झाले होते, आणि तरी त्याचे गीत शास्त्रात घेतले गेले.

तथापि आठवणीच्या दोन जाती आहेत. इस्राएल लोक रानात असताना त्यांसही प्रवासापूर्वीचे दिवस आठवले. गणनेच्या अकराव्या अध्यायात त्यांची यादी आहे. मिसरातील मासे, काकड्या, कलिंगडे, कांदे, लसूण, सर्व काही आठवले. वीट भाजणे आठवले नाही, मुकादमाचा चाबूक आठवला नाही. अशी आठवण पुढ्यातील मान्न्यास बेचव करून सोडिते. आमच्या खेड्यांतही हा रोग आहे. शहरात चार वर्षे काढून आलेला मनुष्य उरलेला जन्मभर गावच्या प्रत्येक वस्तूस नाक मुरडीत बसतो, आणि त्याच्या ओट्यावर बसणाऱ्यास त्याच्या प्रवासकथांचा कंटाळा येतो. ह्याच्या उलट स्तोत्रकर्त्याची आठवण देवाकडे तोंड करून असते. त्यास त्या वाटेवरचे खाणेपिणे आठवत नाही. कोणाबरोबर चाललो आणि कोणाकडे चाललो, हे आठवते.

कडू आठवणींचेही असेच आहे. पंडिता रमाबाईंचे बालपण आईबापांबरोबर तीर्थोतीर्थी पायी हिंडण्यात गेले हे सर्वांस ठाऊक आहे. त्या हिंडण्यातच दुष्काळ आला, उपासमार झाली, आणि १८७४ मध्ये थोड्याच काळात त्यांचे पिता, माता व वडील बहीण तिघेही गेले. असा प्रवास मनुष्य विसरू पाहील. परंतु १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा तीच जुनी वाट त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्या स्वतः तिकडे गेल्या, आणि भुकेने मरणाऱ्या मुलींस व विधवांस घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्या मुलींनी भरले. जिच्या पायांस उपाशी चालणे ठाऊक होते तिलाच दुसऱ्याचे उपाशी पाय ओळखू आले.

असो. स्तोत्रकर्ता दुसरी गोष्ट करितो ती अशी की, जेथे अडकला आहे त्या जागेकडे तो पाहतो. त्या ठिकाणास तो नावे देतो: यार्देनेचा प्रदेश, हर्मोन, आणि मिसार डोंगर. हर्मोन २,८१४ मीटर उंच आहे. हिवाळ्यात त्याचा माथा बर्फाने पांढरा होतो, ते बर्फ वितळून खडकांत मुरते, आणि पायथ्याशी दान व बानियास येथे मोठमोठ्या झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. ते झरे मिळून यार्देन होते. त्या पाण्याचा गर्जून कोसळण्याचा आवाज ह्या मनुष्याच्या कानी रात्रंदिवस येत असला पाहिजे, कारण त्याच्या प्रार्थनेत तो आवाज शिरला आहे. एक डोह दुसऱ्या डोहास हाक मारितो, लाटा आपल्या डोक्यावरून जातात, असे तो बोलतो. आपल्या दुःखास शब्द शोधण्यासाठी तो यरुशलेमास जात नाही. खिडकीबाहेरच्या पाण्याचेच शब्द घेतो. आणि त्या लाटांस तो देवाच्या लाटा म्हणतो. ज्या परक्या जागेत त्यास देव दूर वाटत होता, त्या जागेतील पाण्यावर त्यास देवाचे नाव दिसले.

आणि मिसार? ह्या नावाचा अर्थ ‘लहान’ असा आहे. आजच्या नकाशावर ह्या डोंगराचा माग लागत नाही. एवढ्या प्रचंड हर्मोनाच्या शेजारी ती एखादी टेकडी असेल, जिचे नाव दोन गावांपलीकडे कोणास माहीत नसेल. पण त्या अडकलेल्या मनुष्यास ती रोज दिसत होती, म्हणून तिचे नाव शास्त्रात राहिले.

वाचकहो, तुमच्या दारातून दिसणाऱ्या टेकडीचे नाव काय? आम्ही हे कौतुकाने विचारीत नाही. आमच्या अहमदनगर जिल्ह्यात, ज्यास २०२४ सालापासून अहिल्यानगर हे नाव मिळाले आहे, पश्चिमेकडे अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर उभे आहे. महाराष्ट्रात त्याहून उंच जागा नाही. पाहावयास लोक दूरदूरहून येतात, पावसाळ्यात तर रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते. पाथर्डी-शेवगावकडील वृद्ध भगिनीस ते शिखर कधी दिसणार नाही हे खरे. पण त्याच डोंगररांगेत, रतनगडाच्या बाजूस, प्रवरा उगम पावते. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणात थांबते, रंधा धबधब्यावरून उडी घेते, अकोले व संगमनेरावरून वाहत येते, हरिश्चंद्रगडाकडून आलेल्या मुळेस बरोबर घेते, आणि प्रवरासंगमास गोदावरीत मिळते. गोदावरी पुढे १,४६५ किलोमीटरांचा आपला प्रवास पुरा करून बंगालच्या उपसागरात जाते. तेव्हा नेवाशाकडील जो बंधू खाटेवरून पाटाचे पाणी वाहताना ऐकतो, त्याच्या दारावरून सह्याद्रीच जात असतो. डोंगरास जाता आले नाही, तर डोंगराचे पाणी उसाच्या सरीपर्यंत आले.

पाणीच काय, प्रवाशांचीही आपल्या शिवारात कमी नाही. रब्बीची ज्वारी हुरड्यावर आली की भोरड्यांचे थवेच्या थवे उतरतात, आणि माळ्यावर उभे राहून गोफण फिरविता फिरविता पोरांचे हात दुखून येतात. गुलाबी अंगाची व काळ्या डोक्याची ही पाखरे मध्य आशिया व पूर्व युरोपाकडे अंडी घालितात, आणि तेथून आपल्या ज्वारीपर्यंत येतात. शेतकऱ्याने त्यांस हाकलू नये असे आम्ही म्हणत नाही. दाणा कष्टाचा आहे. पण ज्यास हाकलण्याचे काम उरलेले नाही, अशा म्हाताऱ्याने संध्याकाळी तो थवा आकाशात धुरासारखा वळताना पाहावा. पैठणच्या नाथसागराकडे हिवाळ्यात राजहंस उतरतात, त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. हे तिबेट व मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. त्यांच्या अंगावर यंत्रे बांधून पाहिले तेव्हा सात हजार मीटरांहून अधिक उंचीवरूनही ते उडाल्याचे आढळले. यिर्मयाने करकोचा, होला व निळवी ह्यांच्या येण्याच्या वेळेकडे बोट दाखविले होते, आणि देवाच्या लोकांस त्यांच्यापासून शिकण्यास सांगितले होते. संदेष्ट्यास पाखरांकडे पाहणे कमीपणाचे वाटले नाही.

मृगाचा पाऊस तर सर्वांत मोठा प्रवासी. विषुववृत्तापलीकडील समुद्रावरून वारे निघतात, अरबी समुद्रावरून ओलावा घेतात, घाटावर बहुतेक ओझे टाकितात, आणि उरलेले घेऊन आमच्या पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांत येतात. म्हणून घाटमाथ्यावर भातखाचरे तुडुंब असता इकडे बाजरी ढगांची वाट पाहते. पहिल्या सरीनंतर जो मातीचा वास सुटतो तो घेण्यास कोठेही जावे लागत नाही. आजारी मनुष्याचे दार तेवढे उघडे ठेवावे लागते.

येथे कोणी म्हणेल, ज्यांनी पूर्वी प्रवास केला त्यांस आठवणी आहेत. ज्यांनी कधी केलाच नाही त्यांनी काय करावे? हा प्रश्न विशेषतः आमच्या भगिनींचा आहे. पुष्कळींनी तालुक्याच्या गावापलीकडे काही पाहिले नाही. पण त्यांस आम्ही विचारितो, माहेरची वाट तुम्हांस आठवते की नाही? मुराळी न्यावयास आला, तेव्हा कोणत्या ओढ्याशी थांबून तोंड धुतले, कोणत्या वळणावर गावची चिंच दिसली, शेवटच्या चढावर पाय कसे आपोआप लवकर पडू लागले, हे आठवते ना? स्तोत्रकर्त्याच्या वाटेहून ती वाट लहान नाही. त्याच्या मनात देवाच्या घराकडे जाणारी वाट जशी होती, तशीच ती आहे. घराकडे जाणे म्हणजे काय हे जिला कळले, तिला त्या स्तोत्राचा अर्थ समजावून सांगण्यास उपदेशकाची फारशी गरज नाही.

सर्वांनाच एकदम अडकून पडण्याचा अनुभव २०२० साली आला. मार्च महिन्याच्या २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी झाली, आणि एप्रिलच्या १२ तारखेस पुनरुत्थानाचा सण आला तेव्हा उपासनामंदिरांची दारे बंद होती. आमच्या वारकरी शेजाऱ्यांचेही तेच झाले. आषाढीस पायी वारी निघाली नाही. पादुका थोड्या लोकांसह एस.टी.ने पंढरपुरास नेल्या. ज्यांची पिढ्यान्पिढ्यांची वाट त्या वर्षी सुनी राहिली, त्यांचे दुःख ओळखण्यास आपणांस अडचण पडू नये. त्या दिवसांत पुष्कळांनी प्रथमच आपल्या अंगणातील कडुनिंब मोहरताना नीट पाहिला, असे आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकले. पुढे दारे उघडली, गाड्या सुरू झाल्या, आणि तो कडुनिंब पुन्हा कोणास दिसेनासा झाला. हल्ली तर मनुष्य प्रवासास जातो तोही मोबाइलवर चित्रे घेण्यात, आणि धबधब्याकडे पाठ करून धबधब्याबरोबर उभा राहतो. खाटेवरच्या मनुष्यास निदान एक लाभ आहे: त्यास घाई नाही.

इंग्लंडातील जॉन बन्यन ह्याचे उदाहरण तुमच्यापैकी पुष्कळांस ऐकून ठाऊक असेल. हा भांडी दुरुस्त करीत गावोगाव हिंडणारा मनुष्य. परवान्यावाचून उपदेश केल्याबद्दल १६६० साली त्यास बेडफर्डच्या तुरुंगात घातले, आणि तेथे तो बारा वर्षे राहिला. चालणाऱ्याचे पाय थांबले. मग त्याने एक यात्रेकरू लिहिला. १६७८ साली छापलेले ते पुस्तक मराठीत १८४१ इतक्या लवकर आले. त्यातील चिखलाची दलदल, चढाव, दूरवर दिसणारे रम्य डोंगर, हे सारे बेडफर्डच्या आसपासच्या पायांखालच्या मुलखावरून घेतले असावे असे तेथील लोक दाखवितात. स्वर्गाच्या वाटेचे चित्र काढण्यास त्यास आपल्या जिल्ह्याबाहेरचा रंग लागला नाही.

आता उपदेशक बंधूंस व बायबल शिकविणाऱ्या भगिनींस दोन शब्द. अशा घरी तुम्ही जाता तेव्हा आमच्या मते फार लवकर प्रार्थना करिता. आत शिरावे, एक शास्त्रपाठ वाचावा, डोळे मिटावे, आणि पुढच्या घरी जावे, असे घडते. त्या मनुष्यास तुमच्याकडून बातमी हवी असते, आणि तुम्हांस काही सांगावयाचेही असते. म्हणून आधी विचारा: “आजी, तुम्ही पहिल्यांदा मेळाव्यास गेलात त्या वेळी कोणत्या वाटेने गेलात? बरोबर कोण होते? मुक्काम कोठे पडला?” मग ऐका. मध्ये अश्रू आले तर घाईने पुसू नका. स्तोत्रकर्त्याचेही कोणी पुसले नाहीत. त्या वाटेवरची जी माणसे निजली, त्यांची नावे त्या सांगतील, आणि ती नावे तुमच्या मंडळीच्या वहीत कदाचित कोठेच नसतील. ती लिहून घ्या. शाळेतील दोन मुले बरोबर न्या, म्हणजे नदीस पूल नव्हता तेव्हा लोक शास्त्र डोक्यावर बांधून कसे पार होत, हे त्यांस आजीच्याच तोंडून कळेल.

आणि खाट बाहेर काढा. हे काम लहान आहे, पण ते फार थोड्या घरांत होते. आजाऱ्यास वारा लागेल म्हणून कोंडून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि त्यास वर्षानुवर्षे कौलांखेरीज काही दिसत नाही. वैद्यांची मनाई नसेल तर दोन तरुणांस बोलवावे, सकाळचे ऊन कोवळे असता किंवा दिवस कलता असता खाट ओट्यावर किंवा अंगणात आणावी. उशी अशी लावावी की डोके भिंतीकडे न होता शिवाराकडे होईल. टेकडी दिसत असेल तर टेकडीकडे, नसेल तर पाटाकडे, तोही नसेल तर रस्त्याकडे तोंड असावे. मग बेचाळिसावे व त्रेचाळिसावे स्तोत्र सावकाश वाचावे, आणि मिसार डोंगराचे नाव आले म्हणजे थांबून त्यांनाच विचारावे की समोरच्या त्या उंचवट्यास गावात काय म्हणतात.